मर्यादित हंस-हंगामासाठी शिकाऱ्यांचा पाठिंबा कसा मिळवावा

"आणि चुकून ट्रम्पेटर पडला तर?"

ट्रम्पेटर म्हणजे एकेकाळी जवळजवळ संपलेला, टुंड्रा हंसासारखाच दिसणारा मोठा हंस. हंसाच्या शिकारीवर बैठक कुठेही असो, हा प्रश्न येतोच, आणि बहुतेक वेळा तो मागच्या रांगेतून येतो. विचारणारा माणूस चाळीस-पन्नास वर्षं बदकांच्या मागे चिखल तुडवलेला असतो. हंस मारायची त्याला घाई नसते. आपल्या हातून चुकीचा पक्षी पडेल, नाव खराब होईल, आणि उद्या त्या चुकीचा बोभाटा होऊन बदकांचा हंगामही अडचणीत येईल, ही त्याची धास्ती असते. या प्रश्नाला तुमच्याकडे सरळ उत्तर असेल तर ती मागची रांग तुमच्या बाजूने येते. नसेल तर पुढच्या रांगेतल्या टाळ्यांवर फार विसंबू नका.

हा लेख अमेरिकेतल्या टुंड्रा हंसाच्या परमिटवरच्या हंगामाबद्दल आहे. ज्या राज्यात असा हंगाम नाही तिथे तो मागायचा असेल, तर स्थानिक शिकाऱ्यांना सोबत कसं घ्यायचं, याची ही पायरीवार माहिती. वन्यजीव व्यवस्थापन शिकायला इथे आलेले मराठी विद्यार्थी आणि राज्यांच्या वन्यजीव विभागांत काम करणारी मंडळी यांच्यासाठी ती मुख्यतः लिहिते आहे. इथे हौसेने बदकं मारायला जाणारे काही मराठी लोकही आहेत, त्यांनाही उपयोगी पडेल.

महाराष्ट्रात बसून वाचणाऱ्यांना धक्का बसेल हे मला ठाऊक आहे. मी पैठणजवळ वाढले. हिवाळ्यात नाथसागरावर उतरणारे पट्टकादंब पाहायला वडील मला सायकलवर पुढे बसवून न्यायचे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकारीची दारं बंद होत गेली, आणि ते योग्यच झालं असं मी मानते. त्यात नळराजाने पकडलेला हंस सोडून दिला, ही गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली. इथली व्यवस्था निराळी आहे. इथे शिकार कायद्याच्या चौकटीत चालते, तिच्या पैशातून पाणथळ जमिनी विकत घेतल्या जातात, आणि पक्ष्यांची मोजदाद होते. ती चौकट नीट सांभाळली जावी, एवढीच माझी तळमळ आहे.

पायरी पहिली: आधी पक्ष्यांचा हिशेब

शिकाऱ्यांकडे जायच्या आधी स्वतःपुरतं एक उत्तर शोधा. तुमच्या राज्यात खरोखर टुंड्रा हंस पुरेसे येतात का? आणि येतात ते कुठे, कोणत्या आठवड्यांत?

उत्तर अमेरिकेचे देशी हंस दोन. टुंड्रा हंस आर्क्टिककडच्या ओसाड पाणथळीत घरटी करतो. पश्चिमेकडचे थवे मुख्यतः अलास्कातल्या युकॉन-कुस्कोक्विम त्रिभुज प्रदेशातून निघतात, युटा-नेवाडात मुक्काम करतात आणि पुढे कॅलिफोर्नियात हिवाळा काढतात. पूर्वेकडचे थवे उत्तर अलास्का आणि कॅनडाच्या आर्क्टिकमधून डाकोटा आणि ग्रेट लेक्सवरून चेसापीक उपसागर आणि नॉर्थ कॅरोलायनाकडे जातात. दुसरा देशी हंस ट्रम्पेटर. तो आकाराने मोठा, आणि एकेकाळी जवळजवळ संपलेला. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर.

तिसरा म्यूट हंस युरोपातून आणलेला. २००४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि तो केंद्राच्या संरक्षणातून बाहेर पडला. चेसापीकच्या काठी त्याने पाणवनस्पतींची जी नासधूस केली, तो वेगळा विषय आहे. "हंस उपद्रवी आहेत" हा म्यूट हंसाबद्दलचा युक्तिवाद टुंड्रा हंसाच्या प्रस्तावात मिसळू नका. अनुभवी शिकारी ही भेसळ लगेच ओळखतात आणि मग तुमच्या बाकीच्या आकड्यांवरही त्यांचा विश्वास बसत नाही.

कायद्याची पार्श्वभूमीही हाताशी ठेवा, कारण "हंस मारणं मुळातच बेकायदा आहे ना?" असं शिकारीसुद्धा विचारतात. १९१६च्या करारात आणि त्यावर आधारलेल्या १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्यात बदकं, गूस (कादंब) आणि हंस तिन्ही शिकारीच्या पक्ष्यांत मोडतात. हंसाची शिकार मात्र बंद ठेवली गेली. १९६२ साली युटाने १,००० परमिटं देऊन टुंड्रा हंसाचा हंगाम सुरू केला. १९६९ मध्ये नेवाडा आणि १९७० मध्ये मॉन्टाना त्यात आले. पुढे दोन्ही डाकोटा, नॉर्थ कॅरोलायना, व्हर्जिनिया अशी मोजकी राज्यं जोडली गेली. आयडाहोने पहिला हंगाम २०२० मध्ये उघडला.

एक गोष्ट मनाशी पक्की करा. बहुतेक ठिकाणी टुंड्रा हंसाची संख्या आटोक्यात ठेवायला शिकारीची गरज नसते. नॉर्थ कॅरोलायनात मॅटामस्कीट तलावाच्या आसपास हिवाळी गव्हाच्या शेतांत हंसांचे मोठे थवे उतरतात, तिथे शेतकऱ्याची तक्रार खरी आहे. तुमच्याकडे तशी तक्रार नसेल तर ती उभी करू नका. "पक्षी पुरेसे आहेत, नियम कडक आहेत, थोड्या लोकांना ही संधी देता येईल" एवढंच खरं कारण असेल तर तेवढंच सांगा. शिकाऱ्यांना ते पुरतं.

पायरी दुसरी: ट्रम्पेटरचा प्रश्न

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. महिने लागले तरी चालतील.

ट्रम्पेटर हंस कातडी आणि पिसांसाठी शतकभर मारला गेला. लेखणीची पिसं, पावडर लावायचे पफ, टोप्या, सगळ्याला तो लागे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अलास्का आणि कॅनडा सोडून अमेरिकेत सत्तरहून कमी ट्रम्पेटर माहीत होते, तेही यलोस्टोनच्या परिसरात. १९३५ मध्ये मॉन्टानात रेड रॉक लेक्स अभयारण्य झालं ते त्यांच्यासाठीच. १९६८च्या गणनेत संपूर्ण उत्तर अमेरिकेत ३,७२२ ट्रम्पेटर मोजले गेले. २०१५च्या गणनेत आकडा ६३,०१६ वर पोहोचला. हे सहजासहजी घडलेलं नाही. लोकांनी अंडी उबवली, पिल्लं वाढवली, एकेका तळ्यावर पुन्हा सोडली. त्या कामात शिकारीही होते आणि त्यांना त्याचा अभिमान आहे. ट्रम्पेटरबद्दल बोलताना आवाजात आदर नसेल तर याच शिकाऱ्यांचा पाठिंबा तुम्ही गमावाल.

आता व्यवहाराकडे. आकाशात दोघेही पांढरे आणि मोठे दिसतात. टुंड्राचं वजन साधारण ६ ते ९ किलो, ट्रम्पेटरचं साडेनऊ ते साडेतेरा. एकटा उडणारा पक्षी पाहून हा फरक कळत नाही. टुंड्राच्या डोळ्यापुढे चोचीवर बहुधा पिवळा ठिपका असतो, पण सगळ्यांना नसतो. "पिवळा दिसला नाही म्हणजे ट्रम्पेटर" हे चूक, आणि "पिवळा दिसेलच" हेही चूक. ट्रम्पेटरची चोच लांब, सरळ आणि पूर्ण काळी. कपाळावर चोचीची कड इंग्रजी व्हीसारखी टोकदार येते, टुंड्राची यूसारखी गोलसर. पण हे सगळं पक्षी हातात आल्यावर. उडत्या पक्ष्यात सगळ्यात भरवशाचा आवाज. ट्रम्पेटरचा घोगरा, खालच्या पट्टीतला, भोंग्यासारखा. टुंड्राचा उंच पट्टीतला "वू-हू". लांबून थवा आला की कुत्र्यांचा कळप ओरडल्यासारखा वाटतो.

नीरक्षीरविवेक आपण हंसाला बहाल केला. इथे तो बंदूक धरणाऱ्याकडून मागायचा आहे, पहाटेच्या अंधुक उजेडात, बोटं बधिर झालेली असताना.

शिकाऱ्यांना हे शिकवायला मी एकच रीत वापरते. आधी डोळे मिटून आवाज ऐकवायचे, वीस वेळा, क्रम बदलून, आणि प्रत्येकाने कागदावर उत्तर लिहायचं. उत्तरं वाचून दाखवायची नाहीत, प्रत्येकाने आपली आपण तपासायची. मग फोटो. शेवटी पिल्लांचे फोटो, कारण खरी गोची तिथे आहे. राखाडी रंगाची पहिल्या वर्षाची पिल्लं दोन्ही जातींत जवळपास सारखी दिसतात. टुंड्राची हिवाळ्याच्या मध्यापर्यंत बरीच पांढरी होतात, ट्रम्पेटरची वसंतापर्यंत राखाडी राहतात. म्हणून डिसेंबर-जानेवारीत राखाडी पिल्लू दिसलं तर त्याच्यावर बंदूक उचलू नका, असा सल्ला मी देते. हे शिकारी लगेच मान्य करतात, कारण नियम सोपा आहे.

युटाचा अनुभव लपवू नका. २०१९ साली तिथे शिकारीत पडणाऱ्या ट्रम्पेटरची १०ची मर्यादा भरली आणि हंगाम ठरलेल्या तारखेआधी बंद झाला. पुढे ती मर्यादा २० केली, तरीही पुन्हा वेळेआधी बंद करायची पाळी आली. परमिट खिशात घेऊन दुसऱ्या दिवशी निघणार होते त्यांची रजा, पेट्रोल, तयारी सगळं फुकट गेलं. ही गोष्ट तुम्ही स्वतः सांगितलीत तर लोक पुढे विचारतील, "मग आपण काय वेगळं करणार?" हाच तर संवाद तुम्हाला हवा आहे. ती दुसऱ्याने सभेत उभं राहून सांगितली तर मात्र बैठक तिथेच संपली समजा.

पायरी तिसरी: मागणी लहान ठेवा

आयडाहोचं उदाहरण मला फार आवडतं. पहिल्या वर्षी तिथे फक्त ५० परमिटं आणि उत्तरेकडच्या चार काउंट्या (जिल्हे) होत्या: बेनेवा, बॉनर, बाउंड्री आणि कूटने. ट्रम्पेटर मुख्यतः राज्याच्या पूर्व भागात असतात, म्हणून हंगाम उत्तरेला ठेवला. जागाच अशी निवडली की चूक होण्याची शक्यता कमी राहील.

तुमचा प्रस्तावही असाच हाताच्या तळव्यावर मावला पाहिजे. किती परमिटं, कोणत्या काउंट्या, कोणत्या तारखा, एका परमिटवर एकच पक्षी, सोडत कशी निघणार, पक्षी पडल्यावर किती दिवसांत कुठे दाखवायचा, आणि ट्रम्पेटरची किती संख्या झाली की हंगाम थांबणार. एका पानात हे सगळं बसत नसेल तर प्रस्ताव अजून तयार झालेला नाही.

परमिटं कमी म्हणजे नाराजी जास्त, असं नव्या कार्यकर्त्यांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. शिकाऱ्यांना सोडतीची सवय आहे. मूस आणि बिगहॉर्न मेंढ्यांच्या परमिटासाठी लोक वर्षानुवर्षं अर्ज करत राहतात. ५० परमिटांत एकही गडबड झाली नाही तर पुढे संख्या वाढवायची मागणी करता येते. ५०० पासून सुरुवात करून खाली यायची वेळ आली, तर पुन्हा वर जाणं कठीण.

पायरी चौथी: एकेकाकडे जा, आणि ऐका

बैठक बोलवायच्या आधी किमान पंधरा-वीस शिकाऱ्यांशी एकेकट्याने बोला. सगळे "शिकारी" म्हणून एकाच टोपलीत घालू नका.

बदकांच्या शिकाऱ्याला त्याच्या जागेची काळजी असते. ज्या दलदलीत तो वीस वर्षं आडोसा बांधून बसतो, तिथे हंसाचं परमिट घेऊन बाहेरचे येतील का? गूसच्या शिकाऱ्याला वेगळी भीती असते. स्नो गूसही पांढरा, आणि उत्साही नवखा स्नो गूस समजून हंस पाडेल किंवा उलट. (स्नो गूसच्या पंखांची टोकं काळी असतात, हंसाचा पंख पूर्ण पांढरा. हे एक वाक्य प्रत्येकाला पाठ करून द्या.) पैसे घेऊन शिकार घडवणाऱ्या गाइड लोकांना धंदा दिसतो, आणि तसं असणं गैर नाही, पण प्रस्तावाचा चेहरा म्हणून त्यांना पुढे करू नका. हरणांचा शिकारी या वादात पडत नाही. त्याची सही मिळाली तर घ्या, मिळाली नाही तरी काही बिघडत नाही.

आणि काहीजण सरळ म्हणतील, "मी हंस मारणार नाही." अशा माणसाला वाद घालून वळवायला जाऊ नका. त्याला एवढंच विचारा: "दुसऱ्याने नियमाने मारला तर तुमची हरकत आहे का?" बऱ्याचदा उत्तर "नाही" येतं. हाही पाठिंबाच आहे आणि तो खूप मोलाचा आहे, कारण स्वतःला काही मिळणार नसताना तो माणूस बोलतो आहे.

मला हे शेजारच्या आजोबांनी शिकवलं. त्यांनी आयुष्यभर बदकं मारली, हंस एकही नाही. मला पहिलं परमिट लागलं त्या वर्षी ते माझ्याबरोबर दोन पहाटा आडोशात बसले. दुसऱ्या दिवशी पाच पक्षी अगदी टप्प्यात आले. धुकं होतं, वाऱ्यात आवाज नीट ऐकू येत नव्हता. मी बंदूक खाली ठेवली. परमिट तसंच वाया गेलं. आजोबा परतताना एवढंच म्हणाले, "आज चांगली शिकार झाली." हा किस्सा मी बैठकीत नेहमी सांगते, आणि सांगताना मला अजूनही भरून येतं.

ऐकताना वहीत तीन गोष्टी लिहा: माणसाची शंका त्याच्याच शब्दांत, त्याची अट, आणि तो आणखी कोणाशी बोलायला सांगतो ते. शंका आपल्या शब्दांत लिहिली की तिची धार जाते. "सरकारी माणूस कॅलिपर घेऊन मला खोटा ठरवणार" असं कोणी म्हटलं तर तसंच लिहा. (कॅलिपर म्हणजे चोच मोजायचं साधन, पायरी आठवीत ते येतं.)

पायरी पाचवी: बैठक

बैठक शिकाऱ्यांच्या जागी घ्या: क्लबची खोली, गन शॉपचा मागचा हॉल, गावातला ग्रेंज हॉल (शेतकरी संघटनेचं सभागृह). वन्यजीव विभागाच्या कार्यालयात घेतलीत तर अर्धी माणसं येत नाहीत. वेळ संध्याकाळी सातची, बदकांचा हंगाम संपल्यावर आणि मासेमारी जोरात सुरू व्हायच्या आत. फेब्रुवारी-मार्च उत्तम.

सुरुवात "आम्ही हंगाम मागतो आहोत" अशी करू नका. सुरुवात वहीतल्या शंकांपासून करा, नावं न घेता, मोठ्याने वाचून. लोकांना कळतं की यांनी ऐकलं आहे. मग एका पानाचा प्रस्ताव वाटा. आवाजांची परीक्षा घ्या. शेवटी प्रश्न.

प्रश्नांची उत्तरं पाठ करू नका, पण काहींची तयारी हवीच. चुकून ट्रम्पेटर पडला तर काय? याचं उत्तर तुमच्या प्रस्तावातच असलं पाहिजे: प्रामाणिकपणे, मुदतीत दाखवलेल्या पक्ष्याचं काय होणार आणि लपवलेल्याचं काय. प्रामाणिक चुकीला गुन्हेगारासारखं वागवलं तर लोक पक्षी दाखवायला आणणार नाहीत, आणि मग सगळी मोजणी खोटी ठरते. ही बाब राज्याच्या अधिकाऱ्यांकडून आधी लेखी घ्या आणि ते पत्र बैठकीत वाचा. तोंडी आश्वासनावर शिकारी विश्वास ठेवत नाहीत, आणि ठेवूही नये.

"हंसाचं मांस खातं कोण?" हाही प्रश्न येतो. खातात. छातीचं मांस गडद लाल, गूससारखं, मंद आचेवर बराच वेळ शिजवावं लागतं. काहीजण सॉसेज करतात. फक्त भिंतीवर लावायला पक्षी हवा असेल त्याला मी बैठकीतच सांगते, अर्ज करू नका. हे ऐकून कोणी उठून गेलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

शिशाचा विषय स्वतःहून काढा. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद आहेत. पण तळाच्या चिखलात जुने छर्रे पडून असतात आणि हंस लांब मानेने खोलवर उकरून ते गिळतो. वॉशिंग्टन आणि ब्रिटिश कोलंबियाच्या सीमेवर १९९९ नंतर शेकडो हंस असे शिशाच्या विषाने मेले. जडसन तलाव हा त्याचा एक उगम निघाला. ही जुन्या शिकाऱ्यांची देणी आहे, आणि आजचे शिकारी ती मान्य करतात तेव्हा बाहेरच्या लोकांचाही सूर बदलतो.

बैठकीत हात वर करून मतदान घेऊ नका. लोक शेजाऱ्याकडे पाहून हात उचलतात. चिठ्ठ्या वाटा: "पाठिंबा", "अटींवर पाठिंबा", "विरोध", आणि खाली अट लिहायला दोन ओळी. दुसऱ्या गठ्ठ्याची मी सगळ्यात जास्त काळजी घेते.

पायरी सहावी: पाठिंबा कागदावर आणि वेळेवर

राज्याला वाटलं म्हणून हंसाचा हंगाम उघडता येत नाही. राज्याचा प्रस्ताव फ्लायवे कौन्सिलकडे, म्हणजे पक्ष्यांच्या एकेका स्थलांतर मार्गावरच्या राज्यांच्या मंडळाकडे जातो. असे चार फ्लायवे आहेत: अटलांटिक, मिसिसिपी, सेंट्रल आणि पॅसिफिक. कौन्सिलचा तांत्रिक गट आकडे तपासतो, कौन्सिल शिफारस करतं, मग यू.एस. फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस (केंद्राचा वन्यजीव विभाग) पुढच्या हंगामाची चौकट फेडरल रजिस्टरमध्ये (केंद्राच्या राजपत्रात) जाहीर करते. त्या चौकटीत राहून राज्याचा आयोग तारखा आणि परमिटं ठरवतो. २०१६-१७च्या हंगामापासून हे वर्षभर आधी चालतं. कौन्सिलच्या बैठका साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, सर्व्हिसच्या नियम समितीची बैठक शरद ऋतूत, आणि निर्णय पुढच्या वर्षीच्या हंगामासाठी. म्हणजे फेब्रुवारीत गावात बैठक घेतली तर उन्हाळ्याच्या आत राज्याच्या जीवशास्त्रज्ञांच्या हातात पत्रं पोहोचली पाहिजेत. नोव्हेंबरात गोळा केलेल्या सह्या त्या वर्षापुरत्या निरुपयोगी.

एकाच मजकुराच्या दोनशे प्रतींपेक्षा स्वतःच्या शब्दांतली वीस पत्रं जास्त वजनदार. मजकूर छापून देऊ नका, मुद्दे द्या. इंग्रजीत लिहिलेल्या एका चांगल्या पत्राचा आशय साधारण असा असतो:

"मी या काउंटीत २२ वर्षं बदकं आणि गूस मारतो. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून आमच्या तळ्यावर टुंड्रा हंस येताना पाहतो. प्रस्तावातली परमिटसंख्या आणि चार आठवड्यांची मुदत मला मान्य आहे. परमिट घेण्याआधी ओळख-परीक्षा सक्तीची असावी आणि प्रत्येक पक्षी तीन दिवसांत दाखवावा, अशी माझी अट आहे. ट्रम्पेटरची मर्यादा भरली तर हंगाम त्याच दिवशी बंद करावा. मला परमिट मिळालं नाही तरी माझा पाठिंबा कायम राहील."

या पत्रात जागा आहे, निरीक्षण आहे, अट आहे. अधिकाऱ्याला ते फाइलला लावता येतं. "आमचा हक्क आहे" अशा पत्रांनी कोणाचं भलं होत नाही.

विरोधाची पत्रंही सोबत द्या. गावातल्या बैठकीत किती चिठ्ठ्या विरोधात पडल्या, हे स्वतःहून कळवा.

पायरी सातवी: पक्षीनिरीक्षकांकडे आधी जा

ही पायरी लहान आहे पण बरेच लोक ती गाळतात. प्रस्ताव वर्तमानपत्रात यायच्या आधी स्थानिक पक्षीनिरीक्षकांना आणि ट्रम्पेटरसाठी काम करणाऱ्यांना भेटा, आणि सोबत एक शिकारी न्या, बोलायला त्यालाच द्या. ते पाठिंबा देणार नाहीत, तशी अपेक्षाही ठेवू नका. पण कुठल्या तळ्यावर ट्रम्पेटर उतरतात हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. त्यांनी सांगितलेलं एखादं तळं प्रस्तावातून वगळलं, तर शिकाऱ्यांचाही फायदा होतो. इथे डक स्टॅम्पची, म्हणजे पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी लागणाऱ्या केंद्राच्या तिकिटाची गोष्ट कामी येते. १९३४ पासून सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक पाणपक्षी शिकाऱ्याला तो घ्यावाच लागतो, आज किंमत २५ डॉलर, आणि त्यातला जवळजवळ सगळा पैसा पाणथळ जमिनींवर जातो. बरेच पक्षीनिरीक्षकही तो हौसेने घेतात. दोघांच्या पाकिटात एकच तिकीट निघालं की बोलणं सोपं होतं.

ग्रेट सॉल्ट लेक नोव्हेंबर २०२२ मध्ये नोंदींतल्या सर्वांत खालच्या पातळीला गेला, तेव्हा पाण्यासाठी शिकारी आणि पक्षीनिरीक्षक दोघेही बोलत होते. तलाव आटला तर हंसाची चर्चाच उरत नाही.

पायरी आठवी: मंजुरीनंतरचा पहिला हंगाम

पाठिंबा मिळवण्यापेक्षा टिकवणं अवघड, आणि तो पहिल्याच हंगामात टिकतो किंवा जातो.

सोडत निघाली की परमिटधारकांची स्वतंत्र बैठक घ्या, पुन्हा आवाज ऐकवा. युटात अर्जदारांना हंस ओळखण्याचा ऑनलाइन पाठ पूर्ण करावा लागतो. तसा काही तुमच्याकडे अजून नसेल तर क्लबने स्वतः करावा. पक्षी पडल्यावर तीन दिवसांत दाखवायचा नियम असेल तर तपासणीची जागा शिकाऱ्यांच्या वाटेवर हवी, शंभर मैलांवरच्या कार्यालयात नको. तिथे क्लबचे दोन स्वयंसेवक बसवा. चहा-कॉफी ठेवा. थंडीत थकून आलेला माणूस दाराशी हसतमुख कोणी भेटलं तर पुढच्या वर्षीही पक्षी दाखवायला येईल.

मोजमाप असं: चोचीच्या टोकापासून नाकपुडीच्या पुढच्या कडेपर्यंतचं अंतर. ५० मिलिमीटरच्या आत असेल तर टुंड्रा, ५० किंवा जास्त असेल तर ट्रम्पेटर. शिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर मोजा आणि आकडा त्याच्याकडूनच वहीत लिहून घ्या. ट्रम्पेटर निघाला तर आवाज चढवू नका, पण आकडा त्याच संध्याकाळी क्लबच्या फळ्यावर लावा. किती परमिटं वापरली, किती पक्षी पडले, किती ट्रम्पेटर, किती जण परमिट असूनही गोळी न झाडता परतले. हा शेवटचा आकडा कोणी मागत नाही. मी मात्र तो हमखास लिहून घेते, आणि दुसऱ्या वर्षीच्या बैठकीत पहिला तोच वाचते.

कॅलिपर दोन ठेवा. डिजिटलची बॅटरी उणे दहात मान टाकते. प्लास्टिकचा साधा व्हर्नियर कोटाच्या आतल्या खिशात असू द्या, म्हणजे तो बोटांना चिकटणार नाही.